पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हात टेकणं का?

प्रश्न: वडलांना फुफ्फुसाचा कॅन्सर हाय, चौथी स्टेज. डॉक्टर पॅलिएटिव्ह केअर घ्या म्हणायलेत, भावकी म्हणते एकरभर विका अन् पुण्याला न्या. काय करावं? – एक वाचक, माजलगाव

उत्तर: दादा, रान विकायची घाई करू नका. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपचार बंद असं नसतंय, केमो चालू असतानाबी घेता येते, दुखणं, दम लागणं, झोप न येणं ह्याच्यावर इलाज करतात अन् घरच्यांशीबी नीट बोलतात. अमेरिकेत 2010 साली अशाच पेशंटवर अभ्यास झाला, ज्यांना ही केअर सुरुवातीपासून मिळाली त्यांचे दिवस बरे गेलेच, वर ते साधारण 11.6 महिने जगले, बाकीचे 8.9, आणि शेवटी शेवटी जड उपचारबी कमी घेतले तरी! खर्चाचं म्हणाल तर दुखणं कमी करणारी मॉर्फिनची गोळी स्वस्त असते, पैसा खातं ते शेवटच्या आठवड्यातलं आयसीयू. फक्त ही गोळी साध्या मेडिकलवर सहसा मिळत नाही, 2014 ला अंमली औषधांचा कायदा सैल झाला तरी मान्यता असलेल्या दवाखान्यातूनच घ्यावी लागते, म्हणून संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर हॉस्पिटलात आधी विचारा. आणि हो, भावकीच्या आधी वडलांना विचारलं का, त्यांना काय पाहिजे ते?