आईच्या टू-डी इकोत हृदयात गाठ दिसली. ट्यूमर की रक्ताची गुठळी हे कसं कळतं? एमआरआय लागेलच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ५२ वर्षांची, गाव दारव्हा तालुक्यात. चार महिन्यांपासून धाप, डाव्या कुशीवर झोपलं की जीव घाबरतो, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलं. टीबीच्या तपासणीत काही निघालं नाही. यवतमाळच्या इकोत 'हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात ३८ बाय २४ मिमीची हलती गाठ, मिक्सोमा किंवा गुठळी' असं आलं. एमआरआयसाठी कापसाची वेचणी आटोपल्यावर नागपूरला गेलं तर चालेल का?

नाही चालणार, भाऊ. वेचणी दुसऱ्या कुणावर सोपवा आणि लगेच, एक-दोन दिवसांतच, आईला जिथे हृदयाचं ऑपरेशन होतं अशा ठिकाणी न्या. डाव्या कप्प्यातली हलती गाठ मिक्सोमा (हृदयातच वाढणारा, कॅन्सर नसलेला ट्यूमर) असो की गुठळी, तिचा तुकडा सुटला की थेट मेंदूत नाहीतर हातापायाच्या धमनीत जातो. आणि गाठच झडपेच्या तोंडात अडकली तर माणूस उभ्याउभ्या कोसळतो. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, एक पाय अचानक गार आणि पांढरा पडणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर सरळ १०८.

आता एमआरआय. तो लागेलच असं नाही, आणि त्याच्या तारखेसाठी पंधरा दिवस घालवणं ही अशा वेळची सगळ्यात महागडी चूक.

इकोचा रिपोर्ट पुन्हा वाचा. आकड्यापेक्षा गाठ कुठे चिकटली आहे ते महत्त्वाचं. मिक्सोमा बहुतेकदा दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला, फोसा ओव्हॅलिस नावाच्या खोलगट जागी, कैरीसारखा देठाने लटकतो. ठोक्यागणिक मायट्रल झडपेतून (डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप) खाली उतरतो, परत वर जातो. गुठळीला मात्र काहीतरी कारण लागतं: लहानपणच्या वातज्वराने अरुंद झालेली मायट्रल झडप, किंवा ईसीजीच्या पट्टीत अनियमित ठोके. तीही सहसा मागच्या भिंतीला किंवा कप्प्याच्या कानासारख्या पिशवीत बसते. झडप चांगली, ठोके नियमित आणि देठ पडद्याला असेल, तर गुठळीची शक्यता फार कमी उरते. बारीक ताप, वजन घटणं, वाढलेला ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) हे सगळं मिक्सोमाही करतो. म्हणूनच असे रुग्ण आधी टीबीच्या वाटेने फिरून येतात. ताप जोराचा, थंडी वाजून येत असेल तर मात्र झडपेच्या जंतुसंसर्गासाठी ब्लड कल्चर हवंच.

देठ नीट दिसला नसेल तर पुढची तपासणी टीईई, म्हणजे अन्ननलिकेतून केलेला इको. अन्ननलिका डाव्या वरच्या कप्प्याला मागून लागूनच असते, त्यामुळे छातीवरून न दिसलेला देठ इथे दिसतो. त्याआधी ६ तास जेवण बंद. कवळी असेल तर काढायची. गिळताना अडकत असेल तर आधी सांगायचं. आणि आपल्याकडची खास अडचण: खर्रा खाऊन तोंड उघडत नसेल, दोन बोटंही आडवी मावत नसतील, तर बोटाएवढी जाड नळी आत जाणार कशी? टेबलावर झोपवल्यावर हे कळण्यापेक्षा तारीख घेतानाच सांगा. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत नंतर पाणीसुद्धा नाही, ठसका लागून फुफ्फुसात जातं. घरात सिकलसेल असेल तर तेही सांगा. अशा रुग्णाला उपाशी ठेवताना शरीरातलं पाणी कमी पडू द्यायचं नसतं, गरज पडली तर सलाईन लावतात.

मिक्सोमा अल्ट्रासाउंडवर ओळखला गेला तो १९५९ मध्ये. आजही देठाचा, पडद्याला लटकलेला नमुनेदार मिक्सोमा इको आणि टीईईवरच ऑपरेशनला जातो. एमआरआय हवा तो चित्र नमुनेदार नसेल तेव्हा: गाठ उजव्या बाजूला, बूड रुंद, भिंतीत घुसलेली, हृदयाभोवती पाणी, किंवा एकापेक्षा जास्त गाठी. उजव्या वरच्या कप्प्यात रुंद बुडाची ओबडधोबड गाठ आणि भोवती पाणी दिसलं की अँजिओसार्कोमाची, म्हणजे हृदयातच मूळ धरणाऱ्या कॅन्सरची, शंका घ्यावी लागते. शिवाय हृदयात मूळ धरणाऱ्या ट्यूमरपेक्षा दुसरीकडून पसरून आलेला कॅन्सर कितीतरी पट जास्त सापडतो, म्हणून अशा वेळी छाती-पोटाचा सीटीही होतो.

एमआरआयमध्ये गुठळी वेगळी पडते ती रक्तपुरवठ्यावरून. गॅडोलिनियम या चित्र उजळवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिल्यावर गुठळी काळीच राहते, ट्यूमर औषध घेऊन उजळतो. इन्व्हर्जन टाइम (चित्र घेतानाची मशीनची एक सेटिंग) लांब, ६०० मिलीसेकंदांच्या आसपास ठेवला की गुठळी आणखी ठळक काळी दिसते. फसगतही होते: जुन्या गुठळीची कड उजळते, मिक्सोमाच्या अंगावर ताजी गुठळी बसलेली असते. आणि हे चित्र अनेक ठोक्यांवरून जुळवलेलं असतं, त्यामुळे ठोके अनियमित असले की ते पुसट येतं, झडपेवरची एक सेंटिमीटरची फायब्रोइलास्टोमा (झडपेवर वाढणारी छोटी, कॅन्सर नसलेली गाठ) तर निसटूनच जाते. तिथे टीईईच सरस.

एमआरआय ठरलाच तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आधी करून घ्या. पाऊण-एक तास उताणं पडावं लागतं आणि दर वेळी १०-१५ सेकंद श्वास सोडून थांबावं लागतं. आईला धाप आहे, तेव्हा हे जमतं का ते घरीच बघा. साडी-ब्लाउजच्या सेफ्टी पिना, केसातले आकडे, मंगळसूत्र, दंडातला ताईत सगळं बाहेर. पिन लोखंडाची असते, चुंबक ती खेचून घेतं. जोडवी घट्ट बसून निघत नसतील तर टेक्निशियनला सांगा. पेसमेकर किंवा मेंदूतली क्लिप असेल तर आधीच.

'आधी रक्त पातळ करायच्या गोळ्या देऊन बघू' हा सल्ला गुठळीची दाट शक्यता असेल तिथे रास्त आहे. नमुनेदार मिक्सोमात तो नुसता वेळ खातो, कारण तो गोळ्यांनी विरघळत नाही. सुईने तुकडा काढायलाही डाव्या बाजूला सहसा कोणी जात नाही, त्यातूनच तुकडा सुटतो. वयामुळे ऑपरेशनआधी हृदयाच्या धमन्या बघण्यासाठी अँजिओग्राफी सांगतील, ती जास्तीची तपासणी नाही.

निघताना इकोचा कागद पुरेसा नाही. हलती क्लिप पेनड्राइव्हवर मागून घ्या. छापील फोटोत गाठ थिजलेली दिसते आणि निर्णय तिच्या हालचालीवर असतो. सोबत ईसीजीची पट्टी, क्रिएटिनिन, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार आणि रेशनकार्ड. नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजच्या 'सुपर'मध्ये, म्हणजे सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये, हृदयशस्त्रक्रिया विभाग आहे. महात्मा फुले योजनेसाठी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेची मदत करणारा माणूस) पहिल्याच दिवशी भेटा.

काढलेली गाठ पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे, तो रिपोर्ट जपून ठेवा. पुढे दरवर्षी इको, कारण मिक्सोमा क्वचित परत येतो. आईच्या ओठांवर काळसर ठिपके असतील किंवा गाठी एकाहून जास्त निघाल्या, तर तुमचा आणि भावंडांचाही एकेक इको करून घ्या.