बारा ते तीन, आणि मधली गडबड

प्रिय पोरी,

सप्रेम सलाम.

यंदा गुड फ्रायडेची उपासना तू चालवणार, हे कळलं. फोनवर तू एकच गोष्ट फिरून फिरून विचारत होतीस: मधेच काही झालं तर? होणारच. दुपारी बारा ते तीन, डोक्यावर टिनाचं छप्पर, आत उपाशी माणसं आणि बाहेर आपल्याकडचं ऊन. काहीच झालं नाही तर मलाच नवल वाटेल.

लाईन जाईल. ते फार मनावर घेऊ नकोस. कूलर बंद पडले की दारं-खिडक्या उघडायला दोन पोरं आधीच नेमून ठेव. वाचनाचे उतारे मोबाइलवर नको, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घे. माइक गेला तर मंडळीला पुढे सरकून बसायला सांग. पेटी-ढोलकीला वीज लागत नाही. आणि एक कर, दर वेळी 'हे सैतानाचं काम' असं म्हणू नकोस. फ्यूज उडाला तर फ्यूज उडाला म्हण.

माणूस पडला तर मात्र सगळं थांबवायचं. बहुधा हे येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पाचव्या उद्गाराच्या सुमाराला होतं, पावणेदोनच्या पुढे. समोर 'मला तहान लागली आहे' यावर बोलणं चाललेलं असतं आणि मागे सतरंजीवर एखाद्या म्हातारीचा घसा खरोखर कोरडा पडलेला असतो. उपास म्हणजे पाणीही नाही, असं धरून बसणाऱ्या बाया आपल्याकडे पुष्कळ. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाक, की शुगर असलेल्यांनी, गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर बायांनी पाणी प्यायचं, खायचंही. मागच्या दाराशी माठ आणि पेले ठेव. समोरून कोणी सांगितल्याशिवाय ही माणसं जागची हलत नाहीत.

चक्कर आलीच तर काय झालं ते साध्या शब्दांत सांग: 'मावशींना चक्कर आली आहे, आपण थोडं थांबू.' नाहीतर मागच्या ओळीत बातमी पोचेपर्यंत त्या मावशी वारलेल्या असतात! दोघी-तिघींनाच जवळ जाऊ दे, बाकीच्यांना बसव, नाहीतर हवाच लागत नाही. आडवं निजवायचं, पाय जरा उंच, मानेवर आणि काखेत ओला दुपट्टा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू द्यायचं नाही. अंग भाजत असेल आणि बोलणं असंबद्ध होत असेल तर ते ऊन लागणं आहे. तेव्हा अंगावर पाणी मारत राहायचं आणि लगेच 108 ला फोन. हा फोन कोणी करायचा तेही आदल्या दिवशीच ठरव. सगळ्यांनी करायचं ते कोणीच करत नाही.

मिरगीचा झटका आला की दोन जण हमखास उठतात, एक चप्पल हुंगवायला आणि दुसरा भूत काढायला. दोघांनाही खाली बसव. आजूबाजूचं सामान सरकवायचं, डोक्याखाली काही मऊ ठेवायचं, कुशीवर वळवायचं, दातांत चमचा घालायचा नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना. 'निघ, निघ' असं ओरडणाऱ्याच्या हाती माइक जाऊ देऊ नकोस, मग तो कितीही मोठा धर्मसेवक असो. झटका आलेल्या पोराला सोमवारी याच गावच्या शाळेत जायचं असतं.

बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय काढून वाच. त्रोवस नगरात प्रेषित पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल खाली गेला, त्याला कवटाळलं, लोकांना म्हणाला घाबरू नका. मग वर येऊन भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत बोलत राहिला. त्यात झोपेवर एक शब्दाचाही उपदेश नाही. मला आवडतं ते हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकचं लिहिणं. पोरगा पेंगला हे सांगतोच, पण पौलाचं भाषण लांबलं होतं हेही सांगायला तो कचरत नाही.

त्यावरून आठवलं. सात उद्गार, सात वक्ते, एकशेऐंशी मिनिटं. गीतं-प्रार्थना धरून एकेकाला पंचवीस मिनिटं येतात. कोणीतरी चाळीस घेणार. चिठ्ठी पाठवत बसू नकोस, पेटीवाल्याला सांगून ठेव, तू उभी राहिलीस की त्यानं सूर धरायचा. एखाद्याची एस.टी. चुकली आणि वक्ता आलाच नाही, तर समोर बसलेल्याला ऐनवेळी उभं करू नकोस. उतारा सावकाश वाच, मंडळीला थोडा वेळ गप्प बसू दे, गीत घे. बऱ्याचदा तोच भाग सगळ्यांत चांगला होतो, पण हे त्या वक्त्याला सांगायचं नाही.

कोणी पिऊन आला तर हुसकू नकोस. त्याची बायको-पोरं तिथेच बसलेली असतात. मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला त्याच्याशेजारी बसव. 'मले बोलू द्या' म्हणाला तर 'उपासना झाल्यावर बोलू, भाऊ' म्हण, आणि नंतर खरंच बोल.

एक राहिलं. 2017 साली गुड फ्रायडे नेमका 14 एप्रिलला, आंबेडकर जयंतीला आला होता. तसं पुन्हाही होतं, कधी दुसरा एखादा उत्सव जवळ येतो. मिरवणूक रस्त्यावरून जाणार असेल तर आधी जाऊन वेळ विचार. आपल्याच गावची पोरं ती, 'चर्चपुढून जरा लवकर न्या' म्हटलं की ऐकतात. तरी आवाज आलाच तर आपला भोंगा वाढवू नकोस. वाचन थांबव, मिरवणूक पुढे गेली की चालू कर.

साउंडवाल्याचे पैसे आधीच ठरवून घे. दुसऱ्या उद्गारासाठी ज्यांना सांगितलंय त्यांना बुधवारी पुन्हा फोन कर, ते विसरतात.

तुझा,
काका