'चुकीचे नाव' की 'चुकीची ओळख'?

प्रश्न असा आला आहे: परभक्षी कोळ्यांच्या (म्हणजे माइट्सच्या, जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या नव्हे) जुन्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या लेखाचा मराठी सारांश करताना 'मिसआयडेंटिफिकेशन'ला 'चुकीचे नाव' म्हटले तर चालेल का?

नाही चालणार. नावात काही खोट नसते, ते भलत्याच प्राण्याला लावलेले असते. मातीतल्या एका कोळ्याचेच पाहा. बुरशीवर वाढणाऱ्या चिलटांच्या अळ्या खातो म्हणून तो 'हायपोअ‍ॅस्पिस मिलेस' या नावाने वर्षानुवर्षे विकला गेला. (उच्चार 'माइल्स' करू नये, लॅटिनमध्ये 'मिलेस' म्हणजे सैनिक.) २००३ मध्ये वॉल्टर आणि कॅम्पबेल या संशोधकांनी विक्रीतल्या कोळ्यांची छाननी केली, तर ते निघाले 'स्ट्रॅटिओलेलॅप्स सिमिटस', म्हणजे वोमर्स्लीने १९५६ मध्ये वर्णन केलेली जात. बर्लेसेने १८९२ मध्ये दिलेले 'मिलेस' हे नाव मात्र शाबूत आहे, त्याच्या खऱ्या धन्याकडे. त्यामुळे 'मिलेस हे सिमिटसचे जुने नाव' असे लिहिले की घोटाळा होतो: एकीच्या भक्ष्याची आणि प्रदेशाची माहिती दुसरीच्या खात्यावर जमा होते.

'समानार्थी नाव'ही इथे बसत नाही. प्राणी एक आणि नावे दोन असली की ते वापरतात. 'समनाम' म्हणजे नाव एक, प्राणी दोन, पण दोघांचे बारसे रीतसर झालेले. ओळख चुकते तेव्हा नवे बारसे झालेलेच नसते. म्हणूनच प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचे कलम ४९ चुकून लावलेले नाव त्या जातीकडे राहू देत नाही.

'अपनिर्धारण' असा शब्द घडवता येईल, पण तो वाचून कुणालाच काही कळणार नाही. 'चुकीची ओळख' पुरे. तक्त्यात जागा कमी असेल तर 'नजरचूक'च्या चालीवर 'ओळखचूक' करा.

खरी गोम क्रियापदात आहे. नोंद 'रद्द केली' असे सरसकट लिहू नका. नमुना पुन्हा तपासून जात ठरली असेल तर नोंद 'अमुक जातीकडे वळवली'. फायटोसिइडी या परभक्षी कोळ्यांच्या कुळात ही तपासणी म्हणजे पाठीवरच्या केसांची लांबी, मादीच्या शुक्रसंचयी पिशवीचा आकार असल्या बारकाव्यांची. नमुनाच उरला नसेल तर वळवणार काय? तिथे 'नोंद संशयास्पद' एवढेच.

यादीत जातीला नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावाआधी येणाऱ्या लॅटिन 'नेक'साठी सरळ 'नव्हे' वापरा: 'हायपोअ‍ॅस्पिस मिलेस, बर्लेसेचा नव्हे'. आणि स्पीशीजला कुणी जाती म्हणतो, कुणी प्रजाती. जुन्या लेखनात तर प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट. एक शब्द निवडा आणि सारांशाच्या सुरुवातीलाच सांगून टाका.