स्पोर्ट्स कारचे मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घरी बदलता येतात का, आणि एकच खराब असेल तर दोन्ही बदलावेत का?

आपण लिहिले आहे की आपली गाडी दुसऱ्या पिढीतली माझदा एमएक्स-५ आहे, मागच्या डाव्या शॉकवर तेल दिसते आणि खडबडीत वळणावर गाडीची मागची बाजू उडते. घरी काम करता येईल का, याचे उत्तर होय असे आहे, फक्त स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे अवजार), टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) आणि दोन भक्कम जॅक स्टँड हाताशी हवेत. एकच शॉक बदलावा का, याचे उत्तर मात्र नाही. मी याच घडणीच्या गाड्यांवर हे काम केलेले आहे. जुना शॉक काढताना बहुतेकांचा सगळा वेळ जातो. नवा बसवताना जी काळजी घ्यावी लागते तिच्याकडे दुर्लक्ष होते, आणि नंतरच्या तक्रारी बहुधा तिथूनच येतात.

आधी शॉक खरोखर गेला आहे का ते पाहावे. पिस्टनच्या दांड्याबरोबर तेलाचा अगदी पातळ थर बाहेर येतो आणि शॉकच्या वरच्या भागावर धूळ धरलेली हलकी ओल दिसते. तेवढ्यावरून तो काढू नये. तेल खालपर्यंत ओघळलेले असेल, पुसल्यावर पुन्हा ओले होत असेल, किंवा टायर ठिकठिकाणी खोलगट झिजला असेल, तर शंका उरत नाही. गाडीचा कोपरा हाताने दाबून ती किती वेळा हलते ते पाहण्याची जुनी रीत अशा कडक स्प्रिंगच्या गाडीवर फारशी भरवशाची नाही, कारण हाताच्या दाबाने ती मुळात हलतेच थोडी.

दोन्ही शॉक बदलण्याचे कारण असे की एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा थकलेला असला तर गाडी डाव्या आणि उजव्या वळणात वेगवेगळी वागते. पुढचे दोन्ही धड असतील तर फक्त मागची जोडी बदलायला हरकत नाही, पण ती मूळ कडकपणाचीच घ्यावी. मागे बरेच कडक शॉक आणि पुढे जुने मऊ शॉक अशी जोडणी केली, तर वळणात शिरताना आणि स्टिअरिंग झटकन फिरवताना मागच्या बाहेरच्या टायरवर भार लवकर चढतो आणि मागची बाजू घसरण्याकडे कल वाढतो. एमएक्स-५ मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, आणि तिच्या पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर केवळ २,२६५ मिलिमीटर असल्यामुळे घसरण सुरू झाल्यावर सावरायला फार वेळ मिळत नाही. ओल्या रस्त्यावर हा फरक लगेच कळतो.

शॉक एकनळी घ्यावा की दुनळी, हा पुढचा प्रश्न. दाबाच्या नायट्रोजनवर चालणारा एकनळी शॉक बिल्स्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझला पुरवून नियमित उत्पादनात आणला. त्यातले तेल उष्णता लवकर बाहेर टाकते आणि सहसा फेसाळत नाही, म्हणून वेगात चालणाऱ्या गाडीला तो मानवतो. रोजच्या वापराला चांगला दुनळी शॉकही पुरतो, मात्र आडवा ठेवलेला असल्यास त्याच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. बसवण्यापूर्वी तो उभा धरून दांडा चारपाच वेळा सावकाश पूर्ण दाबावा आणि ओढावा, म्हणजे मधला पोकळ हिसका नाहीसा होतो.

गाडी उचलण्यापूर्वी एक माप घेऊन ठेवा. सपाट जागी उभ्या गाडीच्या मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना लिहून ठेवावे. ते का, हे पुढे येते. गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवावे. मग पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावून मागची बाजू उचलावी, गाडी जॅक स्टँडवर टेकवावी आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हातही घालू नये.

या गाडीत शॉक आणि स्प्रिंग एकत्र बसतात आणि वरचे नट डिकीतले अस्तर काढल्यावर दिसतात. (निसान ३५०झेडसारख्या गाडीत मागची स्प्रिंग वेगळी असते, तिथे काम बरेच सोपे होते.) अँटी-रोल बारच्या (वळणात गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) लिंक दोन्ही बाजूंच्या सोडवाव्यात, म्हणजे एक बाजू दुसरीला ओढत नाही. शॉकचा खालचा बोल्ट काढण्यापूर्वी खालच्या आर्मला (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याला) जॅकचा आधार द्यावा, कारण आर्म किती खाली लोंबायचा हे शॉकच ठरवत असतो. तो निघाला की सगळा ताण ब्रेकच्या रबरी नळीवर, एबीएस असल्यास त्याच्या वायरवर आणि ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांवर येतो. आर्मच्या आतल्या टोकाला विकेंद्री वायसर असलेले बोल्ट आहेत, त्यांना पाना लावू नये. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, त्यांच्यावर ठरते, आणि ते न हलवताही शॉक निघतो.

बाहेर आलेल्या जोडणीवर सर्वांत आधी खडूने किंवा रंगाने खुणा करा: वरच्या माउंटचे बोल्ट खालच्या डोळ्याच्या (शॉकच्या खालच्या टोकाच्या बोल्टाच्या कड्याच्या) तुलनेत कुठे आहेत आणि स्प्रिंगचे टोक बैठकीच्या कोणत्या पायरीला टेकले आहे. ही खूण करायची राहून गेली तर नवी जोडणी गाडीखाली नेल्यावर माउंटचे बोल्ट भोकांपासून थोडे फिरलेले आढळतात आणि आवळलेली स्प्रिंग पुन्हा सोडण्याची वेळ येते. स्प्रिंग कंप्रेसरचे दोन आकडे समोरासमोर लावून आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत, स्प्रिंग बैठकीत सैल होऊन हलू लागली की मगच वरचा नट सोडावा, आणि या सगळ्या वेळात तोंड किंवा छाती तिच्या रेषेत ठेवू नये. आकडे वाकलेले किंवा त्यांचे आटे गेलेले असतील तर ते वापरू नका. कोणत्याही वर्कशॉपकडून एवढाच भाग करून घेता येतो, आणि स्वतः करण्याची हौस असली तरी या ठिकाणी मी तोच सल्ला देईन.

वरचा नट सोडताना आणि आवळताना दांडा सोबत फिरतो. त्याच्या टोकाची खाच पाहून अ‍ॅलन कीने किंवा योग्य पान्याने तो धरावा. चकचकीत भागाला पक्कड लावू नये, कारण तिथे उठलेला बारीक ओरखडासुद्धा सील कापतो आणि नवा शॉक थोड्याच काळात गळू लागतो. हवेची गनही या नटावर नको. नायलॉनचे कडे असलेले नट नवेच घ्यावेत. बंप स्टॉप, म्हणजे शॉक पूर्ण दाबला जाताना धक्का झेलणारा दांड्यावरचा फोमचा तुकडा, हाताने दाबून पाहा: जुन्या फोमचा भुगा पडत असेल, आणि या वयाच्या गाडीत तो बहुधा पडतोच, तर तोही बदला. एमएक्स-५ मध्ये चाकाला वर जायला जागा कमी असल्याने बंप स्टॉप वरचेवर कामाला येतो, आणि तो नसला तर नवा शॉक आतून आपटून खराब होतो.

आता त्या मापाकडे. शॉकच्या खालच्या डोळ्यातला बुश म्हणजे आत लोखंडी नळी आणि तिला चिकटवलेले रबर. बोल्ट आवळला की आतली नळी पकडली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळावर होते. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचे पिळलेले राहते. गाडी मागून किंचित उंच आणि विनाकारण ताठ वाटते, आणि रबर लवकर फाटते. म्हणून खालचा बोल्ट आधी फक्त हाताने बसवावा, आर्मखाली जॅक लावून हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर लिहून ठेवलेल्या मापाइतके येईपर्यंत उचलावे, आणि मग वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर आवळावे. गाडी जॅक स्टँडवरून सुटू लागलीच तर तिथेच थांबावे. चारही चाके रुंद लाकडी ठोकळ्यांवर टेकवून खालून आवळता आले तर अधिक चांगले. आर्मचा दुसरा कोणताही बोल्ट सैल केला असेल, तर त्यालाही हाच नियम लागू आहे.

काम झाल्यावर सावकाश फेरी मारा. खड्ड्यात कोरडा टक् असा आवाज आला तर शॉकला दोष देण्याआधी दांड्याचा वरचा नट आणि अँटी-रोल बारच्या लिंक तपासा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते. काही दिवस गाडी चालवल्यावर सगळे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने पाहून घ्यावेत. विकेंद्री बोल्ट हलले असतील तर अलाइनमेंट करून घ्यावे, विशेषतः मागच्या चाकांचा टो, म्हणजे ती पुढच्या टोकाला किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते. जुने शॉक भंगारात देताना त्यांत दाबाचा वायू असू शकतो हे सांगून द्यावे, आणि ते स्वतः कापू किंवा तापवू नयेत.