परसातल्या कोंबड्या: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ग्रामप्रियाच्या तलंगा (अंड्यावर येऊ लागलेल्या तरुण माद्या) आणल्या होत्या, भरपूर अंडी मिळाली. त्यांचीच अंडी गावठी खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली बसवून पिल्ले काढली. आता त्या माद्या आईच्या निम्मीही अंडी घालत नाहीत. जात बिघडली का? (वाळपई)

उत्तर: बिघडली नाही, विस्कटली. ग्रामप्रिया हा हैदराबादला निवडक वंशांपासून तयार केलेला संकर आहे. अंड्यांची ती संख्या पहिल्या पिढीची. पुढच्या पिढीत गुण सुटे होतात, एक मादी आईसारखी निघते, दुसरी नाही. त्यात वाड्यावर कोंबडा गावठीच असेल, तर पिल्लांत अर्धे रक्त त्याचे. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते, खुडूक होते, २१ दिवस उबवते आणि पुढे दोनेक महिने पिल्लांमागे फिरते. वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी होतात ती यामुळेच.

फक्त अंडी हवी असतील तर दर दीड-दोन वर्षांनी नव्या तलंगा आणाव्यात, हे सरळ. घरचीच पैदास हवी असेल तर उलटे करा: माद्या गावठी, कोंबडा ग्रामप्रियाचा. वनराजा या दुसऱ्या सुधारित जातीचा नको, तो मांसाला चांगला, पण जड, लहान गावठी माद्यांच्या पाठी सोलून काढतो. आठ-दहा माद्यांना एक कोंबडा पुरे. जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे अंडी खायला वापरा, बसवू नका. त्याचे बीज मादीच्या पोटात तितके दिवस टिकते. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. बसवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, रुंद टोक वर ठेवून सावलीत ठेवावीत, धुऊ नयेत. या संकराच्या माद्या दोन्हींच्या मधोमध अंडी घालतील. त्यांच्यातलाच कोंबडा पुढे ठेवलात तर पुन्हा हीच तक्रार येईल. कोंबडा दरवर्षी बाहेरचा आणा.

खुडूक मोडायची असेल तर जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस उंचावर ठेवा, दाणापाणी मात्र चालू. पाण्यात बुडवण्याने कोंबडी आजारी पडते, दुसरे काही होत नाही.

प्रश्न: पावसात अंड्यांची कवचे पातळ येतात. (सांगे)

उत्तर: चुना कमी पडतो. तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, वाळवून, भाजून जोंधळ्याएवढ्या कुटा आणि वेगळ्या भांड्यात ठेवा. कोंबडी गरजेपुरते खाते. पिल्लांना देऊ नका, मूत्रपिंडे खराब होतात. खुराड्यातले तूस ओले झाले की लगेच बदला. नाकाला झोंबणारा वास आला म्हणजे उशीर झाला.

प्रश्न: बल्ब लावावा का? (पेडणे)

उत्तर: घालत्या कोंबड्यांना १४ ते १६ तास उजेड लागतो. गोव्यात डिसेंबरचा दिवस सव्वाअकरा तासांचाच, म्हणून पहाटे बल्ब लावा. वाढत्या तलंगांना नको. लवकर घालू लागतात आणि अंडी बारीक येतात.