चाळिशीत फॅब्री आजाराची (एका एन्झाइमच्या कमतरतेने पेशींत चरबीसारखा पदार्थ साचत जाणारा आनुवंशिक आजार) शंका आली, तर खात्री कोणत्या तपासणीने होते?

पुरुषांमध्ये रक्तातल्या अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए या एन्झाइमची पातळी मोजून आणि मग ते एन्झाइम बनवणारं जीएलए जनुक तपासून. बायकांमध्ये मात्र थेट जीएलए जनुकच तपासावं लागतं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईचं दुसरं एक्स धड असल्याने आजार असूनही एन्झाइम नॉर्मल येऊ शकतं, आणि तिथेच निदान हुकतं. लघवीतून प्रथिनं जाणं, उच्च रक्तदाब नसताना हृदयाची भिंत जाड होणं, तरुणपणी पक्षाघात, लहानपणापासून तळहात-तळपायांची आग आणि घाम कमी येणं, यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र असतील तर तपासणी कराच. फक्त, जीएलएमधला प्रत्येक बदल आजार घडवतोच असं नाही. अर्थ संदिग्ध असेल तर रक्तातलं लायसो-जीबी३ (या आजारात साचणाऱ्या चरबीचाच एक प्रकार) मोजतात; तरीही अडलं तर मूत्रपिंडाची किंवा हृदयाची बायोप्सी.