बागेचे प्रश्न : वाळूवरची हिरवळ

प्रश्न : आम्ही ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे नव्या वस्तीत राहतो. घरासमोर सुमारे 50 चौरस मीटर जागेत बिल्डरने वाळूवर थेट गवताचे रोल अंथरून दिले होते. पहिला हिवाळा चांगला गेला; परंतु डिसेंबरपासून, म्हणजे इथला उन्हाळा सुरू झाल्यापासून, जागोजागी गोल, राखाडी डाग पडू लागले आहेत. पाणी घातले की ते डागांवरून ओघळून बाजूला जाते. शेजारी अधिक खत घालण्यास सांगतात. स्प्रिंकलर आठवड्यातून दोनच दिवस चालवता येतो. काय करावे? (एक वाचक, पर्थ)

उत्तर : खत तूर्त बाजूला ठेवा. आपण केलेले वर्णन उपासमारीचे नसून तहानेचे आहे, आणि तीही पाणी घालूनसुद्धा न भागणाऱ्या तहानेची. पर्थ ज्या किनारी मैदानावर वसले आहे तेथील वाळू फार जुनी, धुपून निःसत्त्व झालेली आहे. तिच्या कणांवर कुजलेल्या पानामुळांतून आलेल्या मेणासारख्या द्रव्याचा पातळ लेप बसतो, आणि असा लेप बसलेली वाळू एकदा पूर्ण वाळली की पाणी आत घेतच नाही. खात्री करून घ्यायची असल्यास डागाखालची कोरडी वाळू बशीत घेऊन तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा. दहा सेकंदांनंतरही तो मण्यासारखा तसाच राहिला, तर दोष वाळूचा आहे असे समजावे.

यावर तेथील बागसामानाच्या दुकानांत मिळणारे वेटिंग एजंट, म्हणजे पाणी मुरण्यास मदत करणारे द्रव्य, हा तात्पुरता पण आवश्यक उपाय आहे. डागांवर बागेच्या काट्याने बोटभर अंतरावर खोल भोके पाडावीत, डब्यावरील प्रमाणानुसार द्रव्य घालावे आणि लगेच हातातील नळीने सावकाश, थांबून थांबून पाणी द्यावे. पुढे दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी, म्हणजे तेथील सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ही मात्रा पुन्हा द्यावी लागेल.

कायमचा उपाय मात्र वाळूचा स्वभाव बदलणे हाच आहे, आणि तो गवत अंथरण्यापूर्वी व्हायला हवा होता. वाळूचा 30 सेंटीमीटर जाडीचा थर गवताच्या उपयोगी पडेल असे जेमतेम 15 ते 20 मिलिमीटर पाणी धरतो. आपल्याकडची काळी जमीन त्याच्या तिप्पट धरते. म्हणून वरच्या 15 ते 20 सेंटीमीटर थरात चांगले कुजलेले कंपोस्ट आणि चिकणमातीची पूड (तेथे बेंटोनाइट सहज मिळते) मिसळावी लागते. एकटे कंपोस्ट त्या उष्णतेत दोन-तीन वर्षांत कुजून संपते, चिकणमाती मात्र राहते. त्यामुळे खर्च करायचाच असेल तर तो मातीवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले गवत जर कूच असेल, म्हणजे आपल्या शेतकऱ्याला नकोशी झालेली हरळीच, तर सर्वांत वाईट भाग वसंतात (तेथे सप्टेंबर ते नोव्हेंबर) उचलून, खालची वाळू सुधारून, तेच तुकडे पुन्हा लावता येतील. जमिनीखालच्या कांड्यांतून ते फुटून येते. उरलेल्या भागावर बारीक चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर झाडूने गवताच्या पात्यांत उतरवावा.

पाण्याचा नियम जाचक वाटला तरी गवताच्या दृष्टीने तो वाईट नाही. आपल्या घर क्रमांकानुसार ठरलेल्या दिवशी, सकाळी 9 पूर्वी किंवा सायंकाळी 6 नंतर, एका वेळी सुमारे 10 मिलिमीटर पाणी पडावे. आपल्या जागेसाठी ते 500 लिटर होते. ते मोजण्यासाठी हिरवळीवर ठिकठिकाणी सारख्या आकाराचे सरळ डबे ठेवून स्प्रिंकलर चालवावा. बहुतेक ठिकाणी एका कोपऱ्यात डबा भरतो आणि दुसऱ्यात तळही ओला होत नाही, असे आढळते, आणि अर्धे डाग तेवढ्यानेच उलगडतात. 10 मिलिमीटरपेक्षा बरेच जास्त पाणी एका वेळी दिल्यास ते मुळांच्या खाली निघून जाते. 1 जून ते 31 ऑगस्ट स्प्रिंकलर बंदच ठेवायचे असतात, आणि पाऊस त्याच महिन्यांत पडत असल्याने त्यात काही बिघडत नाही.

कापणी उन्हाळ्यात थोडी उंच ठेवावी आणि एका वेळी पात्याचा तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. खत द्यायचे ते सावकाश विरघळणारे, वसंतात आणि शरदात (तेथे मार्च ते मे), थोडे थोडे. हिवाळी पावसात दिलेले खत वाळूतून गळून भूजलात आणि अखेर पर्थमधून वाहणाऱ्या स्वान नदीत जाते. तेथे शेवाळ माजण्याचे ते एक कारण आहे. स्फुरद (फॉस्फरस) मातीपरीक्षणाशिवाय घालूच नये. जानेवारी-फेब्रुवारीत रंग थोडा उतरला तर उतरू द्यावा. ही गवते मरत नाहीत, थांबतात. आणि जिथे कोणी बसत नाही, खेळत नाही, अशा कडेच्या पट्ट्यातील गवत काढून तेथे स्थानिक झुडपे लावल्यास उरलेल्या हिरवळीला तेवढेच पाणी अधिक पुरते.

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ समुद्रालगत आमचे वाळूतले घर आहे. एप्रिलपर्यंत विहिरीचे पाणी मचूळ होते. माडांखाली हिरवळ टिकेल काय? (एक वाचक)

उत्तर : पाऊस भरपूर असला तरी नोव्हेंबरपासून जूनपर्यंत आपली वाळूही पर्थइतकीच कोरडी असते, त्यामुळे वरील बहुतेक गोष्टी आपणासही लागू आहेत. फरक दोन. माडांच्या दाट सावलीत हरळीचे प्रकार, नर्सरीत मिळणारे ‘सिलेक्शन वन’ही, विरळ होत जातात, तेथे रुंद पानांचे सेंट ऑगस्टीन गवत लावावे. उघड्या जागेत मचूळ पाण्यासाठी सीशोर पास्पालम अधिक सोसणारे आहे. मचूळ पाणी रोज थोडे शिंपडल्यास क्षार वर साचतात, म्हणून ते दोन-तीन दिवसांआड भरपूर द्यावे. वाळूचा निचरा येथे उपकारकच ठरतो. लावणी पावसाच्या प्रारंभी करावी, शेणखत मात्र पूर्ण कुजलेलेच घ्यावे, आणि नत्र (नायट्रोजनयुक्त खत) पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबरअखेर द्यावे, कारण जुलैत दिलेले सारे वाहून जाते.